तीन अक्षरांचा ‘सेट’

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याची वही एकदा चाळून पाहावी. पानाच्या मधोमध रेघ ओढलेली असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ. लांबलचक व भारदस्त शब्द तो मोठ्या निष्ठेने घोकतो, कारण त्यांची त्याला धास्ती असते. लहान शब्दांची धास्ती नसते. एस, ई आणि टी अशा तीन अक्षरांचा ‘सेट’ हा शब्द तर घरातलाच. रेडिओचा सेट, कपबशांचा सेट, पुस्तकांचा सेट, हे आजीलाही कळते. म्हणून ‘सेट म्हणजे ठेवणे, मांडणे’ एवढे लिहून तो पान उलटतो आणि पुढे आयुष्यभर त्या पानाकडे परत येत नाही.

कोशकारांची गोष्ट नेमकी उलटी आहे. डॉक्टर जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश 1755 साली लंडनमध्ये निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्याला छळणाऱ्या शब्दांची यादीच दिली आहे. तीत पांडित्याचे शब्द नाहीत. येणे, जाणे, देणे, घेणे, करणे अशा अर्थांची अगदी रोजची इंग्रजी क्रियापदे तीत आहेत आणि त्यांच्याच रांगेत ‘सेट’ आणि ‘रन’ उभे आहेत. अशा शब्दांचा अर्थ इतका सैल आणि पसरट असतो की व्याख्येच्या दोरीने तो बांधता येत नाही, ही त्यांची तक्रार. ज्या माणसाने जवळजवळ एकट्याने एवढा कोश रचला त्याची तक्रार थट्टेवारी नेण्यासारखी नव्हे.

पुढे इंग्रजीचा महाकोश ऑक्सफर्डला सिद्ध झाला. त्याची कल्पना 1857 मध्ये लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळात निघाली, 1879 मध्ये जेम्स मरे या शाळामास्तराने संपादकत्व पत्करले, पहिला भाग 1884 मध्ये छापून निघाला आणि शेवटचा 1928 मध्ये. मरे 1915 मध्येच निवर्तले होते. या कोशाची दुसरी आवृत्ती 1989 मध्ये वीस खंडांत आली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ याच शब्दाची होती. एकट्या क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ आणि त्यांचे विवरण सुमारे 60,000 शब्दांचे! एका तीन अक्षरी शब्दाचे विवरण म्हणजे मराठीतली एक बेताची कादंबरीच झाली. नंतर कोशाचे पुन्हा संशोधन सुरू झाले आणि 2011 मध्ये ‘रन’ या शब्दाची नवी नोंद तयार झाली, तेव्हा तिच्या क्रियापदाचेच 645 अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या कोशकाराने त्या एका शब्दावर नऊ महिन्यांहून अधिक काळ घालवला. यंत्रे, आगगाड्या, कारखाने, शेवटी संगणक, सगळे काही इंग्रजीत ‘धावू’ लागले. मग ‘रन’ पुढे जाणारच. तरीही मराठी माणसाला बोध व्हावा तो ‘सेट’पासूनच, कारण या शब्दाची किल्ली त्याच्या स्वतःच्या घरात आहे.

इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे. ‘सेट’ हे त्याच ‘सिट’चे जुने प्रयोजक रूप होय. दुसऱ्याला बसायला लावणे, म्हणजेच बसवणे. वहीच्या उजव्या रकान्यात ‘ठेवणे’ याऐवजी ‘बसवणे’ हा एक शब्द पडला असता, तर निम्मे काम त्याच दिवशी झाले असते. सोनार अंगठीत खडा बसवतो, तिथे इंग्रज ‘सेट’ म्हणतो. वैद्य मोडलेले हाड बसवतो, तिथेही ‘सेट’. राजपुत्राला गादीवर बसवणे, खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवणे, पदाला चाल बसवणे या सर्वांना इंग्रजीत हेच क्रियापद चालते. एखाद्या वस्तूवर मन बसले, हे सांगतानाही इंग्रज आपले हृदय त्या वस्तूवर ‘सेट’ झाल्याचे सांगतो. कोंबडीचे उदाहरण विशेष गोड आहे. ते कोणी शिकवलेले नसते. परंतु कोकणातल्या आणि इंग्लंडातल्या दोन शेतकरणींना ते एकाच रीतीने सुचलेले दिसते.

प्रयोजकाची ही रीत मराठीत आजही जिवंत आहे. बसणे आणि बसवणे, पडणे आणि पाडणे, निजणे आणि निजवणे, पिणे आणि पाजणे, अशा जोड्या लहान मूलही चुकत नाही. इंग्रजीत मात्र ती रीत केव्हाच वाळून गेली आणि तिच्या खुणा तेवढ्या मागे राहिल्या. ‘लाय’ म्हणजे आडवे पडणे, ‘ले’ म्हणजे आडवे ठेवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे, ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. परीक्षेतले ‘फेल’ निराळे, त्याच्याशी याची गल्लत करू नये. ‘ड्रिंक’ म्हणजे पिणे आणि ‘ड्रेंच’ म्हणजे मुळात पाजणे. गुरांना नळकांड्याने औषध पाजण्याला पशुवैद्य अजूनही हाच शब्द वापरतात. इंग्रज विद्यार्थ्याला हे संबंध व्याकरणातून शिकावे लागतात, आणि मराठी विद्यार्थी ते मातृभाषेतून घेऊन आलेला असतो. तरी त्याला ते कोणी दाखवीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

नाते याहून खोलही जाते. ‘सिट’ या शब्दाचे मूळ आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू हे एकाच प्राचीन कुळातले. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे सर्व त्या ‘सद्’चे वंशज, म्हणजे बसण्याच्या क्रियेतून उठलेले शब्द. ‘प्रसाद’ हाही त्यांतलाच. त्याचा एक जुना अर्थ स्वच्छता, निवळणे. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसला की पाणी निवळते, आणि तिथे इंग्रज ‘सेटल’ म्हणतो. मराठीतले ‘बसणे’ मात्र त्या कुळातले नव्हे, ते ‘उपविश्’ या धातूपासून आले. म्हणजे ‘सेट’ आणि ‘बसवणे’ यांचे रक्ताचे नाते नाही, स्वभावाचे आहे.

पण स्वभाव जुळला म्हणून सगळाच संसार जुळतो असे नाही. इंग्रजीतले ‘सेट’ जिथे जाते तिथे मराठीतले ‘बसवणे’ दर वेळी जात नाही. सापळा लावतात, घड्याळ लावतात, आग लावतात, माणसाला कामाला लावतात. इथे मराठीला ‘लावणे’ हवे. मौजेची गोष्ट अशी की तेही ‘लागणे’ याचे प्रयोजकच आहे. प्रश्नपत्रिका काढतात. लग्नाची तिथी ठरवतात. कित्ता घालून देतात. गलबत हाकारतात. छापखान्यात जुळारी शिशाचे खिळे जुळवीत असे. दही लागते. सिमेंट पाण्यात कालवून ओतले की काही वेळाने घट्ट होते. आणि सूर्य मावळतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रज एका ‘सेट’वर भागवतो, आणि मराठी माणसाला दर वेळी नवे क्रियापद काढावे लागते. (सूर्याच्या बाबतीत संस्कृतची कल्पना अधिक घरगुती वाटते. वैदिक भाषेत ‘अस्त’ म्हणजे घर. सूर्य अस्ताला गेला म्हणजे घरी गेला.)

यावरून इंग्रजी दरिद्री आणि मराठी श्रीमंत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो फसेल. कारण हाच खेळ उलटा मांडता येतो. घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, मार बसतो, धंदा बसतो, कर बसतो, गाडीत माणूस बसतो आणि गणपतीही बसतो. इंग्रजाने या आठ वाक्यांसाठी ‘सिट’ वापरून पाहावे! आणि ‘लागणे’ तर त्याला वेडच लावील. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, दार लागते, आंबा गोड लागतो, मूल बोलू लागते, आणि समोरून येणाऱ्या बाई नात्याने काकू लागतात. मोल्सवर्थसाहेबांनी आपला मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये काढला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 मध्ये निघाली. तीत या लहान क्रियापदांना पुष्कळ जागा द्यावी लागली. इंग्रजीच्या लहान शब्दांपुढे मराठी मुलाची जी त्रेधा उडते, तीच मराठीच्या लहान शब्दांपुढे त्या इंग्रज कोशकाराची उडाली असली पाहिजे. त्याने निदान त्या शब्दांना क्षुद्र मानले नाही.

आता समानार्थी शब्दांकडे वळू. पर्यायशब्द पाठ करण्याची आपली परंपरा जुनी. अमरसिंहाचा कोश तीन कांडांचा आणि सुमारे दीड हजार श्लोकांचा. पाण्याला नावे किती, कमळाला किती, राजाला किती, हे विद्यार्थी तालावर म्हणत. इंग्रजीत त्या जातीचे काम पीटर मार्क रोजे या वैद्याने केले. शब्दांची टिपणे त्याने 1805 मध्ये जमवायला घेतली आणि त्याचा पर्यायकोश 1852 मध्ये, त्याच्या वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी प्रसिद्ध झाला. अमरकोशाप्रमाणे त्यानेही वर्णक्रम सोडून अर्थाच्या वर्गांप्रमाणे शब्द मांडले. दोन्ही ग्रंथ थोरच. परंतु पर्याय पाठ करणाऱ्याच्या मनात एक भ्रम हळूच घर करतो. एका ओळीत बसलेले शब्द एकाच किमतीचे आहेत असे त्याला वाटू लागते.

‘सेट’च्या ओळीत ‘पुट’, ‘प्लेस’, ‘ले’ आणि ‘फिक्स’ बसतात. कप टेबलावर कसाही ठेवला तरी ‘पुट’. तो नेमक्या जागी, जपून ठेवला तर ‘प्लेस’. वीट आडवी, थरावर थर अशी रचली तर ‘ले’. हलू नये असा पक्का केला तर ‘फिक्स’. आणि ‘सेट’मध्ये वस्तू तिच्या योग्य स्थितीला आणल्याचा भाव असतो, ती तिथे आता आपले काम करू लागेल, असे त्यात गृहीत असते. घड्याळ ‘पुट’ केले तर ते फळीवर राहील, ‘सेट’ केले तर वेळ बरोबर दाखवील. कोंबडी अंडी घालते ते ‘ले’. त्या अंड्यांवर तिला बसवतात ते ‘सेट’. यांची अदलाबदल करून चालत नाही. मराठीतही पाया घालतात, खांब रोवतात, रोप लावतात, संसार मांडतात. संसार रोवला आणि खांब मांडला असे म्हणणाऱ्याला कोणी परका समजले, तर त्यात समजणाऱ्याचा दोष नाही.

‘सेट’ हे नाम म्हणून येते तेव्हा आणखी एक गंमत होते. तिथे दोन ओढे एकत्र झालेले आहेत. एक ओढा वर सांगितलेल्या बसवण्याचा. आणि दुसरा जुन्या फ्रेंचमार्गे आलेल्या लॅटिन ‘सेक्ता’ या शब्दाचा. त्याचा मूळ अर्थ अनुसरणे आणि त्यावरून अनुयायांचा गट, पंथ. एका विचाराच्या, एका राहणीच्या मंडळींच्या टोळक्याला इंग्रज ‘सेट’ म्हणतो, तो या ओढ्याचा प्रसाद. पुढे दोन्ही पाणी असे मिसळले की कपबशांचा सेट कोणत्या ओढ्यातला हे सांगताना पंडितही अडखळतात. मराठी गणिताच्या पुस्तकांनी त्याला ‘संच’ हा सुटसुटीत शब्द दिला. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी मुलांना हिंदीतून तोच ‘समुच्चय’ म्हणून भेटतो. घरी संच आणि वर्गात समुच्चय, असा त्यांचा दुहेरी अभ्यास होतो.

खरी पंचाईत पुढेच आहे. ‘सेट’च्या पाठीमागे इन, आउट, ऑफ, अप, असाइड असे एखादे शेपूट जोडले की शब्द रंग पालटतो. पावसाळा ‘सेट इन’ झाला म्हणजे लागला, आता राहणार. माणूस ‘सेट आउट’ झाला म्हणजे प्रवासाला निघाला. दुकान ‘सेट अप’ केले म्हणजे थाटले. ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणेही, फटाका उडवणेही, शोभा खुलवणेही, आणि हिशेबात येणे-देणे परस्पर वजा करणेही. जॉन्सनने 1755 मध्येच सांगून ठेवले की परकीयाला इंग्रजीत सर्वांत जड जाते ते हेच, क्रियापदाला जोडलेले उपशब्द. आणि दाखल्यादाखल दिलेल्या जोड्यांत त्याने ‘सेट’च्या तीन जोड्या घेतल्या. जड जाते एवढ्यावर निभावले तर बरे. कधी कधी त्याची किंमत पैशांत आणि जमिनीत मोजावी लागते.

समजा, एका खेड्यातल्या शेतकऱ्याने शेताच्या बांधावरून दिवाणी दावा लावला. प्रतिवादी हजर झाला नाही. न्यायालयाने एकतर्फी हुकूमनामा दिला. शेतकरी निश्चिंत झाला. काही महिन्यांनी प्रतिवादीने अर्ज केला की समन्स आपल्याला रीतसर बजावलेच गेले नव्हते. त्या अर्जाची नोटीस शेतकऱ्याच्या घरी आली; कागद नेहमीचाच म्हणून कोनाड्यात राहिला. मग एके दिवशी इंग्रजीतली एक नक्कल हाती आली. घरात इंग्रजी शिकणारा एकच, हायस्कुलात जाणारा मुलगा. त्याने बोट ठेवून वाचले की हुकूमनामा ‘सेट असाइड’ केला आहे. मुलाच्या वहीत ‘सेट म्हणजे ठेवणे’ होते, आणि ‘असाइड’ म्हणजे बाजूला. क्रमिक पुस्तकात एका बाईने लेकीच्या लग्नासाठी पैसे ‘सेट असाइड’ केल्याचे वाक्यही त्याने वाचलेले होते. त्याने वडिलांना विश्वासाने सांगितले, “आप्पा, तुमचा हुकूमनामा कोर्टानं बाजूला राखून ठेवलाय.”

मुलाचे चुकले असे एकदम म्हणवत नाही. इंग्रजीत ‘सेट असाइड’ याचे दोन्ही अर्थ आहेत, आणि ते जवळजवळ एकमेकांच्या उलट आहेत. पैसे, धान्य, वेळ यांच्या संगतीत ते शब्द आले की अर्थ होतो जपून राखून ठेवणे. हुकूम, निवाडा, ठराव यांच्या संगतीत आले की अर्थ होतो रद्दबातल करणे. शिवाय वर्तमानपत्रात ‘न्यायालयाने निकाल राखून ठेवला’ असे मराठी वाक्य नित्य वाचायला मिळते; त्यामुळे मुलाच्या अर्थाला बळकटीच आली. पण ते वाक्य ज्या इंग्रजी शब्दाचे भाषांतर आहे तो शब्द ‘रिझर्व्ह’, ‘सेट असाइड’ नव्हे.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत नवव्या आदेशाचा तेरावा नियम याच विषयाचा आहे. एकतर्फी हुकूमनामा रद्द केला की न्यायालय दावा पुढे चालवण्यासाठी दिवस नेमते. म्हणजे त्या कागदावर पुढची तारीखही होती. आप्पा त्या तारखेला गेले नाहीत. हुकूमनामा कोर्टाने जपून ठेवलेला असताना जायचे कशाला? प्रतिवादी आला, वादी नाही. याच आदेशाच्या आठव्या नियमाप्रमाणे वादीच्या गैरहजेरीत दावा निकाली निघाला, आणि नवव्या नियमाप्रमाणे त्याच कारणासाठी नवा दावा लावण्याची वाट बंद झाली.

एक वाट उरते. दावा फेटाळल्याचा हुकूम रद्द करावा आणि दावा पुन्हा चालवावा, असा अर्ज वादीला करता येतो. 1963 च्या मुदतीच्या कायद्याने त्याला तीस दिवस दिले आहेत, आणि ते दावा फेटाळल्याच्या दिवसापासून मोजतात. आप्पांना ती बातमी कळून ते तालुक्याच्या गावी वकिलांकडे पोचले, तेव्हा त्यांतले किती उरले असतील हे ज्याने त्याने ताडावे. वकिलांनी गैरहजेरीचे कारण विचारले. मुलाने खाली मान घालून वही पुढे केली. वकिलांनी ते पान पाहिले, अर्जाचा मसुदा करायला घेतला, आणि न्यायालयाकडे मागितले तेही हेच, की दावा फेटाळल्याचा हुकूम कृपा करून ‘सेट असाइड’ करावा.